मावळातली मुळी आणि 'शक्ती'ची पुडी

(द्वितीय वर्ष, कला)

मृगाचा पाऊस पडला की आमच्या मावळातल्या डोंगरउतारांवर गवताच्याही आधी कंद जागे होतात. उन्हाळाभर जमिनीखाली निजलेली मुसळी, रानहळद, शेवळा, कळलावी ही सारी मंडळी आठ-पंधरा दिवसांत डोके वर काढतात. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना ती नावानिशी ठाऊक आहेत. कोणता कंद उकडून खायचा, कशाच्या पानांची भाजी करायची आणि कशाला हातही लावायचा नाही, हे ज्ञान त्यांना शाळेने दिलेले नाही.

यांतल्याच काही मुळ्या शहराकडे गेल्या की त्यांचे रूप पालटते. चकचकीत डबीवर उधळलेल्या घोड्याचे चित्र येते, त्याखाली 'मर्दानी ताकद' अशी ठळक अक्षरे येतात, आणि रानात फुकट मिळणारी वस्तू शेकड्यांच्या भावाने विकली जाते. एकच मुळी, पण रानातली वेगळी आणि डबीतली वेगळी. असे का व्हावे?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मुळ्यांची माहिती मला दोन वाटांनी मिळाली. एक वाट माझ्या आजीची आणि वाडीवरच्या कातकरी मावशींची, दुसरी ग्रंथालयातल्या पुस्तकांची. यंदा पर्यावरण विषयाच्या प्रकल्पासाठी या दोन्ही वाटा एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. त्यातून जे हाती आले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. विषय नाजूक आहे याची मला जाणीव आहे. पुरुषांच्या दुर्बलतेविषयी आपल्याकडे चारचौघांत बोलत नाहीत. पण आपण बोलत नाही म्हणूनच पुडीवाल्याचे फावते, हेही तितकेच खरे आहे.

मुळीची ओळख

या मुळ्यांत मानाचे पान सफेद मुसळीला आहे. जमिनीलगत पसरलेली लांबट पाने, मधून वर येणारा फुलांचा दांडा, त्यावर पांढरी नाजूक फुले आणि मातीखाली बोटांसारख्या मुळ्यांचा झुबका, असे तिचे रूप आहे. वनस्पतिशास्त्रात तिला क्लोरोफायटम बोरिविलियानम म्हणतात. या लॅटिन नावात आपले मुंबईचे बोरिवली दडलेले आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व तिला बोरिवलीचे नाव दिले.

फादर सांतापाऊ हे मूळचे स्पेनचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, लोणावळ्याला खेटून असलेल्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशातून आलेला एक धर्मगुरू आपले डोंगर पायी हिंडून एकेका झाडाची नोंद करतो, आणि आपण रोज त्याच वाटेने कॉलेजला जातो पण झाडाचे नाव विचारीत नाही, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मुसळीच्या भाऊबंदांची कोवळी पाने आमच्याकडे पावसाळ्यात भाजी म्हणून खातात. तिला फोडशी म्हणतात, कोणी कुलूची भाजी म्हणतात. पाने स्वच्छ धुवायची, बुडाचा पांढरा दांडा काढून टाकायचा, पाने बारीक चिरायची आणि कांदा व भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. या भाजीत एक शहाणपण आहे. पाने खुडली तरी कंद मातीत राहतो, आणि पुढच्या मृगाला झाड पुन्हा उभे राहते.

आता ओळखीतल्या अडचणी पाहू. काळी मुसळी नावाची दुसरी एक मुळी आहे. तिची फुले पिवळी असतात आणि ती जमिनीला चिकटून उमलतात. नाव सारखे असले तरी तिचे कूळ सफेद मुसळीहून वेगळे आहे. बाजारात 'सेमल मुसळी' मिळते. ती तर सावरीच्या रोपाची मुळी असते. उत्तरेकडे शतावरीच्या एका जातीची मुळीही 'सफेद मुसळी' म्हणून विकली जाते. म्हणजे नाव एक आणि माल चार प्रकारचा! वाळवून, सोलून, दळून टाकल्यावर पुडीत यांपैकी काय आहे हे डोळ्यांनी ओळखणे कठीण आहे.

याहून गंभीर धोका कळलावीचा आहे. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुले मावळातल्या कुंपणांवर पावसाळ्यात सहज दिसतात. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते. रताळे समजून तो खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी श्रीलंकेत आहेत. आमच्या वाडीवरच्या मावशी म्हणतात, "फूल बघितल्याबिगर मुळीला हात लावू नये." वनस्पतिशास्त्राचे पुस्तकही शेवटी हेच सांगते.

जुन्या ग्रंथांत काय सांगितले आहे

आयुर्वेदाची आठ अंगे मानली जातात. त्यांतील शेवटच्या अंगाचे नाव वाजीकरण. वाजी म्हणजे घोडा. डबीवरचा घोडा येथून आला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा आहे. त्या अध्यायातील पाठ पाहिले तर त्यांत दूध, तूप, साखर, उडीद, तांदूळ असे पौष्टिक पदार्थ पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या जोडीला शतावरी, कवचबीज यांसारखी द्रव्ये येतात. कवचबीज म्हणजे आपल्या खाजकुयलीचे बी. हा उपचार संयमी पुरुषाने, आधी शरीराची शुद्धी करून घ्यावा, असा ग्रंथकारांचा आग्रह आहे, आणि उत्तम संतती हा त्यामागचा एक मोठा हेतू आहे. म्हणजे मूळ कल्पना आहार, दिनचर्या आणि औषध या तिहींची होती. पुडीवाल्याने तिच्यातली फक्त मुळी उचलली. दूध-तुपाचे आणि संयमाचे नाव काढले तर पुडी कोण घेणार?

मराठीत ही माहिती घराघरांत पोहोचवण्याचे मोठे काम शंकर दाजीशास्त्री पदे यांनी केले. त्यांचा 'आर्यभिषक' हा ग्रंथ जुन्या घरांतल्या फळीवर हमखास असे. वैद्यांना एकत्र आणणाऱ्या अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाचा पायाही त्यांनीच १९०७ मध्ये घातला. घरात एक ग्रंथ आणि गावात एक वैद्य असण्याचा लाभ असा होता की, औषधाला माप होते. आजही मुसळीच्या किंवा अश्वगंधाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला साधारण ३ ते ६ ग्रॅम सांगितली जाते, आणि तीसुद्धा वैद्याने रोग्याची प्रकृती व पचनशक्ती पाहून द्यायची असते. 'चमचा भरून घ्या, दुप्पट ताकद येईल' हे कोणत्याही शास्त्राचे वाक्य नाही.

आजचे शास्त्र काय म्हणते

मुसळीत सॅपोनिन या वर्गातली द्रव्ये आणि काही विशिष्ट शर्करा सापडतात. तिच्यावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. उंदराला जे लागू पडले ते माणसाला पडेलच, असे धरून चालता येत नाही. अश्वगंधावर माणसांवरचे प्रयोग त्यामानाने अधिक झाले आहेत. मानसिक ताण व झोप यांबाबतीत तिचा काही उपयोग होतो असे त्यांतून दिसते. पण तीच अश्वगंधा घेतल्यानंतर काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असते. हेच द्रव्य कंपवातावर आधुनिक डॉक्टर देतात. जी वस्तू शरीरात काही घडवू शकते ती नको ते सुद्धा घडवू शकते. 'झाडपाला आहे, अपाय होणार नाही' ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

एक प्रकार तर झाडपाल्याचाही नसतो. १९९८ साली सिल्डेनाफिल या रासायनिक औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर 'केवळ वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक शक्तिवर्धक मालांत हेच औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. ज्याला हृदयविकार आहे आणि जो जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेतो, त्याच्या पोटात हे मिश्रण गेले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. त्याला वाटते आपण मुळी खातो आहोत.

या संदर्भात लोणावळ्याचेच एक उदाहरण आठवते. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले. योगाने अमुक होते, तमुक होते असे सांगणारे त्या काळी पुष्कळ होते. स्वामीजींनी मात्र नौली करताना पोटात काय घडते हे क्ष-किरणांनी व दाब मोजण्याच्या यंत्रांनी तपासले आणि ते 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. योगावर त्यांची श्रद्धा होती, तरीही त्यांनी तो मोजला. मुळीवर श्रद्धा असलेल्यांनी हा कित्ता गिरवायला हवा.

पुडी घेणारा माणूस

पुडी कोण घेतो? माझ्या पाहण्यात आलेले उदाहरण सांगतो. आमच्या नात्यातले एक काका, वय पंचेचाळीसच्या आसपास, कंपनीत रात्रपाळी करणारे. रस्त्याकडेच्या एका तंबूतून त्यांनी पुड्यांचा 'कोर्स' घेतला. पहिल्याने गुण आला नाही म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. घरात कोणाला सांगितले नाही. पगारातली रक्कम कुठे जाते यावरून काकूंशी भांडणे झाली. वर्षभराने पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात गेले तेव्हा रक्तातली साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी पहिल्यांदा सर्व सांगितले. डॉक्टर म्हणाले, "ही तक्रार घेऊन तुम्ही तेव्हाच आला असता, तर मधुमेह वर्षभर आधी कळला असता."

डॉक्टरांच्या या वाक्यात फार मोठे तथ्य आहे. पुरुषाची ही तक्रार अनेकदा मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराची पहिली खूण असते. बारीक रक्तवाहिन्या आधी बिघडतात आणि हृदयाचे दुखणे मागाहून दिसते. तंबाखू, दारू, अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांचाही तिच्याशी संबंध आहे. शरीर घंटा वाजवून सांगत असते आणि आपण पुडी घेऊन ती घंटा बंद करू पाहतो.

तरुणांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना काहीच झालेले नसते. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, तो गेला की माणूस खंगतो, असे मित्रांकडून ऐकलेले असते. वास्तविक शरीर ही निर्मिती सतत करीत असते आणि तिचा रक्ताच्या थेंबांशी असा काही हिशेब नाही. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग या मनोविकारतज्ज्ञांनी या भीतीतून उद्भवणाऱ्या अशक्तपणाला, उदासीला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. म्हणजे दुखणे खरे असते, पण त्याचे मूळ भीतीत असते. त्याला मुळीपेक्षा मोकळ्या बोलण्याची गरज अधिक.

मराठीत हे मोकळे बोलणे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी फार पूर्वी सुरू केले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून ते लोकांच्या शंकांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत राहिले. त्यांच्यावर खटले भरले गेले. पण ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली तेच प्रश्न आजही आमच्या वसतिगृहात दिवे मालवल्यावर कुजबुजत विचारले जातात. कायदाही आपल्याकडे जुना आहे. १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घातली आहे. तरीही भिंती रंगतात, फलक लागतात. कायदा कागदावर आणि लाज मनात, अशी स्थिती असेल तर दुकान चालणारच.

मुळी खणणारा माणूस

पुडीच्या एका टोकाला जसे काका आहेत तशा दुसऱ्या टोकाला मावशी आहेत. कातकरी समाज ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे स्वतःची जमीन नाही. वीटभट्टी, मजुरी, मासे, रानभाजी यांवर वर्ष काढायचे. अशा घराला मुळीचे चार पैसे मोठे वाटतात.

मुळी खणण्याला वेळ असते. मुसळीची पाने पावसाळा सरता सरता पिवळी पडून गळतात. त्यानंतर कंद मातीत मुरतो, पक्का होतो. जे शेतकरी मुसळीची लागवड करतात ते पाने गळाल्यावरही कंद काही महिने जमिनीतच ठेवतात आणि हिवाळ्यात खणतात. झुबक्याच्या वरच्या गड्ड्यात पुढच्या वर्षीचा कोंब असतो. त्या गड्ड्याचा तुकडा ठेवूनच बियाणे करतात, कारण तिचे बी फार कमी उगवते. जुनी माणसे रानातही हेच करीत. फूल झडून बी पडू द्यायचे, सर्व झुबका न उपटता थोडा मातीत ठेवायचा. पण पाने गळाली की झाड दिसेनासे होते, आणि व्यापाऱ्याला तर माल लवकर हवा असतो. मग भर पावसात, फुलावर असतानाच झाड समूळ निघते. कोवळी मुळी औषधाच्याही फारशा कामाची नाही आणि झाडही गेले. मावशी म्हणतात की, त्यांच्या लहानपणी पाड्यामागच्या उतारावर मिळणारी मुळी शोधायला आता दोन डोंगर ओलांडावे लागतात. त्यात मावळात घरे, बंगले आणि सडका वाढल्या. उतार सपाट झाला की कंदांची वस्ती एका दिवसात संपते.

ही कहाणी एकट्या मावळाची नाही. आफ्रिका खंडातही पुरुषांच्या जोमासाठी मुळ्या व साली वापरण्याची परंपरा मोठी आहे. केनियाच्या पश्चिमेकडील काकामेगा भागात मुकोम्बेरो नावाच्या वेलीची मुळी लोक चघळतात. तिला व्हॅनिलासारखा सुवास येतो. मागणी वाढली तशी ती अतोनात खणली गेली आणि रानात दुर्मीळ झाली. तेथेही आता तिची लागवड करण्याचे प्रयत्न चालले आहेत. कॅमेरून, गॅबन या देशांतील योहिंबे झाडाची सालही जगभर गेली. तिच्यातले योहिंबिन रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढवते, म्हणून ती बेतानेच घ्यावी लागते. आपली अश्वगंधाही आफ्रिकेत रानोमाळ उगवते. खंड निराळे, भाषा निराळ्या, पण गोष्ट तीच. गावातला माणूस मुळी जपून वापरतो, बाजार तिची पुडी करतो, आणि शेवटी रान आणि रोगी दोघेही रिते राहतात.

समारोप

या अभ्यासातून माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो की, मुळीचे औषधपण तीन गोष्टींवर अवलंबून आहे: ओळख, वेळ आणि माप. ओळख रानातल्या माणसाकडे आहे. वेळ ऋतूकडे आहे. माप वैद्याकडे, डॉक्टरांकडे आणि प्रयोगशाळेकडे आहे. पुडीत या तिन्ही गोष्टी हरवतात आणि उरते ती फक्त आशा. आशा विकत घेण्यात गरिबाचा पैसा जातो, आणि कधी कधी रोग ओळखण्याचा काळही हातचा निघून जातो.

मग आपण काय करावे? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाला आपली लोक जैवविविधता नोंदवही करता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी मावळच्या जवळजवळ प्रत्येक गावातून येतात. प्रत्येकाने आपल्या गावातल्या दहा कंदमुळांची नावे, ती उगवण्याची जागा, फुलण्याचा महिना आणि खणण्याची वेळ जाणत्या माणसांना विचारून वहीत उतरवली, तरी मोठे काम होईल. मात्र ती वही गावाची राहावी. व्यापाऱ्याच्या हातचा नकाशा तिचा होऊ नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पाड्याजवळ मुसळी-शतावरीचे वाफे करता येतील, म्हणजे मावशींना रान ओरबाडावे लागणार नाही.

दुसरे काम याहून सोपे आणि याहून अवघड आहे. घरातल्या पुरुषमाणसाला अशी तक्रार असेल तर लाज न बाळगता त्याने सरकारी दवाखान्यात जावे, साखर व रक्तदाब तपासून घ्यावा, एवढे त्याला सांगणे. मुळी घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्याला विचारून घ्यावी आणि डॉक्टरांपासून ती लपवू नये. माझ्या काकांची जखम आता भरली आहे. ते गोळ्या नियमाने घेतात, रोज इंद्रायणीच्या काठाने चालायला जातात, आणि पावसाळ्यात काकू बाजारातून फोडशीची जुडी आणतात. मुळी तिकडे डोंगरात, मातीखाली सुखरूप असते.